नंबर घासलेली चिप आणि बॉब विडलर

सर्वप्रथम माफी मागते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठी ही आमची थर्ड लँग्वेज, आणि निबंध म्हणजे 'माझा आवडता ऋतू'च्या पुढे कधी गेलोच नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नाही. दोन वर्षे त्यांनीच मागे लागून हा लेख काढून घेतला आहे.

विषय असा आहे की मला एका मेलेल्या माणसाबद्दल लिहायचं आहे, पण तो मला भेटला तो पुण्याच्या जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको, निम्म्या कॉलेजच्या सायकलींचे सुटे भाग तिथलेच! तर एका रविवारी मी तिथून एक जुना सर्किट बोर्ड आणला. कुठल्यातरी परदेशी मोजमाप यंत्राचा असावा. त्यावर सोनेरी पायांच्या चार गोल धातूच्या डब्या होत्या. आपल्या लॅबमधल्या काळ्या प्लॅस्टिकच्या झुरळांसारख्या नाहीत, तर छोट्या टोपीसारख्या, प्रत्येकीला आठ पाय. भंगारवाल्या काकांनी बोर्ड किलोवर मोजला, मी मात्र चार डब्यांसाठी घेतला.

आणि चारही डब्यांचे नंबर घासून टाकलेले होते.

हे का करतात ते मला माहीत होतं. माझे अप्पाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, सांगलीला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे आणि गणपती मंडळांसाठी अँप्लिफायर बनवायचे. अँप्लिफायर तयार झाला की ते पॉलिश पेपर घेऊन आतल्या आय.सी.चे नंबर घासून टाकायचे, म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या मेकॅनिकने उघडून पाहिला तरी त्याला नक्कल करता येऊ नये. ते काम ते मला द्यायचे. पाच-सहा वर्षांची असताना मी किती आय.सी.चं नाव-गाव पुसलं असेल कोण जाणे! म्हणून टी.ई. सेमिनारसाठी विषय द्यायची वेळ आली तेव्हा मी हाच दिला: या चार डब्यांत काय आहे ते ओळखायचं. सरांनी एकच अट घातली. अंदाज चालणार नाही, पुरावा पाहिजे.

सुरुवात बाहेरून केली. नंबर घासला होता तरी खालच्या ओळीत पुसट चार आकडे उरले होते: ७१२८. जुन्या चिपवर असे चार आकडे दिसले की पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९७१ सालचा २८वा आठवडा, जुलै महिना. (यात एक गंमत आहे. ७४३२ असे आकडे दिसले तर ती ऑर गेटची चिप आहे की १९७४ च्या ३२व्या आठवड्यात बनलेली दुसरीच कुठली, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. मी एकदा फसले आहे.) मग बोर्डाच्या मागच्या बाजूने तांब्याच्या रेषा धरून चालत गेले. डबीला एक छोटा कान असतो, त्याच्याजवळचा पाय आठवा. चौथ्या पायाला उणे पुरवठा, सातव्याला अधिक, दुसरा-तिसरा इनपुट, सहावा आउटपुट. म्हणजे ऑप-अँप! आनंदाने ओरडणार होते, ७४१ सापडला म्हणून. पण पहिल्या आणि आठव्या पायाच्या मध्ये एक बारीक कपॅसिटर बसवला होता, ३० पिकोफॅरडचा. ७४१ ला असा कपॅसिटर बाहेरून लागत नाही. त्याचा आठवा पाय तर कुठे जोडलेलाच नसतो.

मग हा कोण? इथे मला बॉब विडलर भेटला.

पुस्तकात 'विडलर करंट सोर्स' आपण सगळ्यांनी वाचला आहे. अर्धं पान, एक आकृती, परीक्षेत सहा मार्क. विडलर हा माणूस होता हे माझ्या रूमपार्टनरला माहीतच नव्हतं, तिला ते एखाद्या कंपनीचं नाव वाटायचं. तेव्हा आता त्याची गोष्ट सांगते. वयाने तो आपल्या आजोबांच्या पिढीचा, पण मला त्याला अहो-जाहो करवत नाही. का ते पुढे कळेल.

रॉबर्ट जॉन विडलरचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा. आईचं घराणं चेक, वडिलांचं जर्मन-आयरिश. वडील रेडिओ स्टेशनवर इंजिनिअर होते आणि तेही स्वतःच शिकलेले. त्यामुळे घरात सोल्डरिंगचा वास लहानपणापासून. पंधराव्या वर्षी मुलगा रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत होता. शाळा जेझुइट फादरांची, सेंट इग्नेशियस. म्हणजे आमच्या सिस्टर्सच्या शाळेचाच मोठा भाऊ म्हणा ना! तिथली शिस्त त्याच्यात किती उतरली हे पुढची गोष्ट वाचून तुम्हीच ठरवा.

१९५८ साली तो अमेरिकन हवाई दलात गेला. सैन्य आणि विडलर हे जमणारं लग्न नव्हतं, पण तिथे त्याला इतर सैनिकांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचं काम मिळालं आणि त्यासाठी त्याने सेमीकंडक्टर उपकरणांची ओळख करून देणारं एक पुस्तक लिहिलं, १९६० मध्ये. तेव्हा त्याचं वय बावीस. आपण बावीसाव्या वर्षी बॅकलॉग काढत असतो. १९६१ मध्ये सैन्य सोडून तो कोलोरॅडोमधल्या बोल्डरला बॉल ब्रदर्स नावाच्या संस्थेत लागला. तिथे नासासाठी उपकरणं बनत. दिवसा नोकरी आणि बाजूला कोलोरॅडो विद्यापीठात शिक्षण, असं करत १९६३ च्या उन्हाळ्यात तो पदवीधर झाला, तेही उत्तम मार्कांनी.

त्याच वर्षी सप्टेंबरात तो कॅलिफोर्नियात फेअरचाइल्ड कंपनीत रुजू झाला. त्या मुलाखतीचा किस्सा सगळीकडे सांगितला जातो. मुलाखतीला जाताना साहेब पिऊन गेले होते, आणि कंपनीची अॅनालॉग सर्किट्स कशी आहेत असं विचारल्यावर त्याने जे विशेषण वापरलं ते या मासिकात छापता येणार नाही. संशोधन विभागाने नकार दिला. पण दुसऱ्या विभागाच्या एका मॅनेजरला वाटलं की हा शिव्या देतोय, पण शिव्या बरोबर जागी देतोय. त्याने घेतलं.

आता थोडं टेक्निकल लिहिते. सिव्हिलवाल्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल.

त्या काळी लोक ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर सुटे घेऊन जे सर्किट बनवायचे तेच जसंच्या तसं सिलिकॉनवर उतरवायचा प्रयत्न करत. सुट्या भागांच्या जगात ट्रान्झिस्टर महाग आणि रेझिस्टर स्वस्त. सिलिकॉनवर नेमकं उलटं आहे. रेझिस्टर म्हणजे लांबच लांब पट्टी, ती जागा खाते, आणि तिची किंमत वीस-वीस टक्के चुकते. कपॅसिटर तर त्याहून खादाड. ट्रान्झिस्टर मात्र एवढासा, आणि शेजारी-शेजारी बनवलेले दोन ट्रान्झिस्टर जुळ्या भावांसारखे सारखे निघतात. विडलरने हे ओळखलं आणि चिपसाठी सर्किटच वेगळं असलं पाहिजे असं धरलं: रेझिस्टर टाळा, ट्रान्झिस्टर कितीही वापरा, आणि एकेकाची किंमत बरोबर येण्यावर विसंबू नका, दोघांच्या सारखेपणावर विसंबा. सहा मार्कांचा तो करंट सोर्स म्हणजे हेच. ७४१ च्या आकृतीत पाहा. ३९ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ०.७३ मिलिअँपिअर वाहतो. इनपुटच्या ट्रान्झिस्टरना मात्र साधारण १९ मायक्रोअँपिअरच हवा आहे. सरळ मार्गाने तेवढा कमी करंट बनवायचा तर ३० व्होल्टला दीड मेगओहमचा रेझिस्टर लागेल, म्हणजे अख्ख्या चिपपेक्षा मोठा. विडलरने काय केलं, दोन जुळ्या ट्रान्झिस्टरपैकी एकाच्या एमिटरला फक्त ५ किलोओहमचा रेझिस्टर लावला. दोघांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमधला ९० मिलिव्होल्टच्या आसपासचा फरक त्यावर पडतो, आणि झाले १९ मायक्रोअँपिअर. कॅल्क्युलेटर काढून एकदा करून बघा. मला पहिल्यांदा उत्तर जुळलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, आणि मी रूमपार्टनरला उठवून सांगितलं. ती अजून त्यावर बोलते.

फेअरचाइल्डमध्ये त्याची जोडी जमली डेव्ह टॅल्बर्टशी. टॅल्बर्ट प्रोसेसचा माणूस, म्हणजे विडलरने काढलेलं चित्र प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरवणारा. पहिलं अपत्य म्हणजे म्यूए ७०२, १९६४ सालचं. नऊ ट्रान्झिस्टर, सगळे एनपीएन. एका चिपवरचा बाजारात आलेला पहिला ऑप-अँप तो हाच. पण त्याला अधिक १२ आणि उणे ६ असा वाकडा पुरवठा लागायचा आणि गेन काही हजारच. वर्षभरात १९६५ मध्ये ७०९ आला, सरळ अधिक-उणे १५ व्होल्टवर चालणारा, गेन ४५ हजारांच्या घरात. हा चिक्कार चालला. पण त्यातही खोडी होती. आउटपुट चुकून जमिनीला टेकला तर चिप खलास, आणि ती गरगर सुटू नये म्हणून बाहेरून दोन ठिकाणी कपॅसिटर आणि रेझिस्टर बांधावे लागत: एक जोडी पहिल्या-आठव्या पायात, एक कपॅसिटर पाचव्या-सहाव्या पायात. (माझ्या बोर्डावर पाचव्या-सहाव्यात काहीच नव्हतं. म्हणजे ७०९ नाही. लक्षात ठेवा.)

१९६५ संपता संपता तो फेअरचाइल्ड सोडून निघाला. सोडताना कंपनी एक लांबलचक फॉर्म भरून घ्यायची, का सोडता, काय आवडलं नाही वगैरे. त्याने सगळे रकाने मोकळे सोडले आणि आपल्याला श्रीमंत व्हायचं आहे एवढंच लिहून दिलं. टॅल्बर्टही बरोबर. नॅशनल सेमीकंडक्टर तेव्हा लहान कंपनी होती. पुढे १९६७ मध्ये फेअरचाइल्डचे चार्ली स्पॉर्क तिथे प्रमुख म्हणून आले, तोपर्यंत विडलरने तिथे जम बसवला होता.

तिथे १९६७ मध्ये त्याने एलएम १०१ काढला. ७०९ च्या सगळ्या खोड्या मोडल्या. गेन १ लाख ६० हजार, आउटपुट शॉर्ट झाला तरी चिप जिवंत, आणि बाहेरून फक्त एक कपॅसिटर. किती? ३० पिकोफॅरड. कुठे? पहिल्या आणि आठव्या पायात.

हे वाचलं तेव्हा मी मेसमध्ये होते. हातातला घास हातातच राहिला, अतिशयोक्ती नाही.

मग ७४१ कुणाचा? तो फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलागरचा, १९६८ चा. त्याने १०१ चा अभ्यास केला, त्यातला इनपुटचा भाग सुधारला, आणि तो ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या आतच बसवून टाकला. वापरणाऱ्याला बाहेर काहीच लावायला नको. साहजिकच जग त्याच्या मागे गेलं, आणि आजही आपल्या लॅबच्या प्रत्येक ट्रेमध्ये तोच आहे. मला यात विडलरबद्दल थोडं वाईट वाटतं. कपॅसिटर आत टाकायला त्याला अवघड नव्हतं. पण इंजिनिअरला आपल्या सर्किटप्रमाणे हवा तो कपॅसिटर लावू द्यावा असं त्याचं मत, आणि इंजिनिअर हा प्राणी आळशी आहे हे तो विसरला.

आता हॉस्टेलवर जे किस्से सगळ्यात आवडतात ते. त्याच्या ऑफिसात कुणी मोठ्याने बोललं की एक पेटी तो आवाज पकडून अगदी उंच पट्टीतला सूर काढायची. माणूस गप्प झाला की सूरही बंद. बोलणाऱ्याला वाटायचं आपल्याच कानात शिट्टी वाजतेय! बिघडलेला भाग सापडला की तो परत डब्यात न टाकता ऐरणीवर ठेवून घणाने त्याचा भुगा करायचा, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या सर्किटमध्ये जाऊन दिवस वाया घालवणार नाही. (ही सवय मी लॅबसाठी जोरात शिफारस करते. आपल्या ट्रेमधले निम्मे ७४१ मेलेले आहेत आणि दर बॅच ते परत ट्रेमध्ये ठेवते.) आणि १९७० मध्ये कंपनीने खर्च कमी करायचा म्हणून आवारातलं गवत कापणं बंद केलं, तेव्हा विडलरने आपल्या उघड्या मर्सिडीजमधून एक मेंढी आणून गवतात सोडली. फोटोबिटो काढले. पुष्कळ ठिकाणी बकरी लिहितात, पण ती मेंढीच होती. संध्याकाळी तो तिला एका बारमध्ये सोडून आला.

हे सगळं सांगितलं की मुलं खूष होतात. आमच्या बॅचमधला एक जण मला म्हणाला की बघ, एवढा पिऊन त्याने एवढं केलं. मला पटकन उत्तर सुचलं नाही. हेच वाक्य मी अप्पाकाकांबद्दल ऐकत मोठी झाले. अप्पाचा हात पोटात थोडी गेल्याशिवाय चालत नाही, असं त्यांचे मित्र कौतुकाने म्हणायचे. मी सातवीत असताना काका गेले. त्रेचाळीस वर्षांचे होते. दुकानात अर्धवट राहिलेले सात अँप्लिफायर होते आणि सगळ्यांचे नंबर घासलेले, त्यामुळे ते पुरे करायला दुसऱ्या कुणालाच जमलं नाही. मंडळांचे पैसे आजीने परत केले. विडलर प्यायचा, प्रचंड प्यायचा, बारमध्ये मारामाऱ्या करायचा, हे त्याच्याबरोबर काम केलेल्या सगळ्यांनी लिहून ठेवलं आहे. पण त्याच्या सर्किटमध्ये मला दारू कुठे सापडली नाही. तिथे नुसता हिशोब आहे. स्वतःच्या चिप कशा वापराव्यात याच्या टिपाही तो स्वतः बसून लिहायचा, आणि त्या इतक्या स्वच्छ आहेत की माझ्यासारख्या टी.ई.वालीला शिकवणीशिवाय कळतात. त्याची कुठलीही टीप एकदा वाचा आणि मग मेंढीचा किस्सा आठवा. दोन्ही एकाच माणसाने केलं यावर विश्वास बसत नाही.

नॅशनलमधलं त्याचं शेवटचं मोठं काम म्हणजे एलएम १०९, १९७० सालचं. तीन पाय, ५ व्होल्ट, १ अँपिअर. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज तापमान एक अंशाने वाढलं की साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. दोन जुळ्यांच्या व्होल्टेजमधला फरक मात्र तापमानाबरोबर चढतो. उतरणारं आणि चढणारं योग्य प्रमाणात मिळवलं की बेरीज १.२ व्होल्टच्या आसपास स्थिर बसते, गरम होवो की थंड. हाच बँडगॅप. हे घडण्याआधी एका चिपवर असा रेग्युलेटर करणं शक्य नाही असं त्यानेच जाहीरपणे मांडलं होतं, आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवून तो नाद सोडला होता, असंही सांगतात. आज मोबाइलपासून मीटरपर्यंत कुठलीही चिप घ्या, आत कुठेतरी बँडगॅप आहेच.

डिसेंबर १९७० मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्याने शेअर विकले, सुमारे १० लाख डॉलर घेतले, राजीनामा दिला आणि मेक्सिकोत पोर्तो वायार्ता या समुद्रकाठच्या गावी राहायला गेला. फॉर्मवर लिहिलेलं खरं करून दाखवलं.

माझ्या डबीवरची तारीख आठवते? १९७१ चा २८वा आठवडा. म्हणजे ती चिप बनली तेव्हा तिचा बाप नोकरी सोडून सात महिने झाले होते.

बाप म्हणाले खरं, पण पुरावा अजून नव्हता. कारण फेअरचाइल्डने ७४१ मधून कपॅसिटर काढून टाकलेली ७४८ नावाचीही चिप विकली, आणि तिलाही पहिल्या-आठव्या पायातच बाहेरून कपॅसिटर लागतो. बाहेरून दोघी सारख्याच. मग इनपुटमध्ये किती करंट शिरतो ते मोजायचं ठरवलं. ७४८ मध्ये तो साधारण ८० नॅनोअँपिअर, १०१ च्या १९६८ मध्ये सुधारलेल्या 'ए' आवृत्तीत साधारण ३०. एवढा लहान करंट आपल्या मल्टिमीटरला कुठून दिसणार? पण अधिक इनपुट आणि जमीन यांच्यात १ मेगओहमचा रेझिस्टर लावला आणि चिपला फॉलोअर केलं की ३० नॅनोचे ३० मिलिव्होल्ट होतात, आणि ते आउटपुटला आरामात वाचता येतात. आधी रेझिस्टर शॉर्ट करून ऑफसेट मोजायचा आणि तो वजा करायचा. पहिल्या दिवशी मी तो ३० पिकोफॅरडचा कपॅसिटरच लावायला विसरले. सी.आर.ओ.वर चिप नुसती बोंबलत होती आणि मी दीड तास पुरवठ्याच्या वायरी तपासत होते. ज्याच्यावरून इतका शोध लावला तोच विसरले! दुसऱ्या दिवशी आकडे आले. चारपैकी दोन चिप मेलेल्या. जिवंत दोघींपैकी एक २७ मिलिव्होल्ट, दुसरी ३४.

सर म्हणाले, छान, पण एखादी ७४८ चांगली निघाली तर तीही ३४ देईल. खरं होतं. आता उघडण्याशिवाय मार्ग नव्हता. प्लॅस्टिकची चिप असती तर गरम नायट्रिक अॅसिड लागलं असतं आणि ते कुणीही हॉस्टेलवर करू नये, केमिकलवाल्यांनीसुद्धा. धातूच्या डबीचं सोपं आहे, टोपी कापायची. मेलेली एक डबी वर्कशॉपमध्ये व्हाइसला लावली आणि कानस घेतली. मी व्हाइस इतका आवळला की डबी चेपली आणि आतले सगळे तुकडे झाले. वर्कशॉपच्या मामांनी डोक्याला हात लावला. दुसरी मेलेली डबी त्यांनी स्वतः घेतली, लाकडाच्या दोन फळ्यांत हलकेच धरली, आणि कडेकडेने गोल फिरवत अशी कापली की टोपी अलगद हातात आली. आत दीडेक मिलिमीटरचा चौकोन आणि त्यातून निघालेल्या केसासारख्या तारा.

बायोलॉजीचा मायक्रोस्कोप इथे चालत नाही, त्याचा उजेड खालून येतो आणि सिलिकॉनमधून आरपार जात नाही. मेटलर्जी लॅबमधल्याचा उजेड वरून पडतो, तो लागतो. मोबाइल आयपीसला टेकवून फोटो काढले, मोठे छापून घेतले आणि स्केचपेनने रंगवत बसले. एनपीएन म्हणजे चौकटीत चौकट. आडवा पीएनपी म्हणजे मधे एक ठिपका आणि भोवती कडं. लांब बारीक पट्ट्या म्हणजे रेझिस्टर. ७४१ मध्ये जो भला मोठा अॅल्युमिनियमचा चौथरा दिसतो, तो कपॅसिटर, तो इथे नव्हता. पहिल्या आणि आठव्या पायाच्या तारा जिथे उतरत होत्या तिथून आत जात जात मी गेनचा टप्पा गाठला. चौथ्या रात्री एका कडेला, मी आधी धूळ समजून सोडलेल्या जागी, फोकस फिरवला तर तीन बारके आकडे दिसले. १०१.

बाहेरचा नंबर ज्या कुणी घासला त्याला आतलाही आहे हे माहीत नव्हतं. मला अप्पाकाकांच्या सात अँप्लिफायरची आठवण झाली. ते अजून सांगलीला माळ्यावर आहेत. या सुट्टीत खाली काढणार आहे.

विडलरचं उरलेलं आयुष्य थोडक्यात. मेक्सिकोत राहून तो नॅशनलसाठी सल्लागार म्हणून चिप बनवत राहिला. त्यातला एलएम १० हा १.१ व्होल्टवर, म्हणजे एका सेलवर चालतो. १९८१ मध्ये बॉब स्वानसन आणि बॉब डॉबकिन यांच्याबरोबर लिनिअर टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली, १९८४ मध्ये भांडून बाहेर पडला, पुन्हा नॅशनलकडे गेला. २७ फेब्रुवारी १९९१ रोजी पोर्तो वायार्तामध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ५३. नॅशनल २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, फेअरचाइल्ड २०१६ मध्ये ऑन सेमीकंडक्टरने, लिनिअर २०१७ मध्ये अॅनालॉग डिव्हायसेसने. त्याच्या तिन्ही कंपन्यांच्या पाट्या उतरल्या.

सेमिनारला २५ पैकी २१ मिळाले. चार मार्क कशाचे गेले ते विचारलं नाही, बहुधा व्हाइसचे. कापलेली डबी आणि रंगवलेले कागद लॅबच्या काचेच्या कपाटात ठेवले आहेत. जिवंत दोन चिपही तिथेच, वेगळ्या डबीत. कुणाला मोजून बघायच्या असतील तर लॅबच्या मामांकडून किल्ली घ्या, आणि ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर आपला आपण आणा.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)